मालाच्या कार्बनचा हिशेब: नागपूरच्या लघुउद्योगांसाठी पात्रता, कागदपत्रं आणि अर्जाची पद्धत

हिंगणा एमआयडीसीतल्या एखाद्या फॅब्रिकेशनवाल्याला पुण्याच्या किंवा परदेशातल्या ग्राहकाकडून मेल येतो, की तुमच्या उत्पादनामागे किती कार्बन उत्सर्जन होतं ते कळवा. मालक लगेच महावितरणची बारा बिलं काढतो आणि स्कॅन करून पाठवून देतो. मी या भागातल्या लहान कारखान्यांचे पर्यावरणाचे कागद भरून देतो. दर दुसऱ्या शेडमध्ये सुरुवात अशीच होते, आणि ती चुकीच्या टोकाने होते. लोखंड कापणाऱ्या, वाकवणाऱ्या, वेल्डिंग करणाऱ्या कारखान्याचा कार्बन विजेच्या बिलात थोडाच असतो. तो मुख्यतः खरेदीच्या बिलात असतो.

आकडे मांडून पाहू. समजा तुम्ही वर्षाला १४० टन पोलाद घेता आणि त्यातून १२० टन तयार माल निघतो. भारतात एक टन कच्च्या पोलादामागे सरासरी सुमारे २.५ टन कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. हिशेबापुरता तोच दर धरला तर खरेदीतच ३५० टन आले. वर्षाला ६०,००० युनिट वीज लागते असं धरू. आपल्या ग्रिडवर युनिटमागे साधारण ०.७ किलो, म्हणजे ४२ टन. जनरेटरला २,००० लिटर डिझेल, लिटरमागे सुमारे २.७ किलो, म्हणजे ५.४ टन. एकूण ३९७.४ टनांपैकी ८८ टक्के वाटा पोलादाचा झाला. शेडवर सोलर जरूर बसवा, पण त्यातून जास्तीत जास्त ४२ टनच वाचतील. टनामागे १.६ टनच उत्सर्जन असलेलं पोलाद मिळालं, तर एका झटक्यात १२६ टन वाचतात.

हे कोणाला लागू आहे

सेबीने बाजारमूल्यानुसार शेअर बाजारात नोंदलेल्या पहिल्या १,००० कंपन्यांना २०२२-२३ पासून बीआरएसआर हा शाश्वतता अहवाल सक्तीचा केला. तुमची कंपनी त्यात नसेल, पण तुमचा ग्राहक असू शकतो. पहिल्या २५० कंपन्यांसाठी पुरवठा साखळीची माहितीही आता त्यात आली आहे. ती २०२५-२६ पासून ऐच्छिक आहे, आणि ज्या पुरवठादाराचा वाटा कंपनीच्या खरेदीत मूल्याने २ टक्के किंवा जास्त आहे त्याच्यापुरती आहे. ग्राहकाच्या खरेदीत तुमचा वाटा किती, हे त्याच्या खरेदी विभागाला विचारून घ्या. त्यावरून फॉर्म किती खोलात भरायचा ते ठरतं.

युरोपला नट, बोल्ट, पाइप, स्ट्रक्चर किंवा ॲल्युमिनियमचा माल जात असेल, तर सीबॅम, म्हणजे आयात मालाच्या कार्बनवर युरोपीय संघाने लावलेला आकार, लागू होतो. त्याचा नुसत्या अहवालाचा टप्पा १ ऑक्टोबर २०२३ ते ३१ डिसेंबर २०२५ असा होता. १ जानेवारी २०२६ पासून तिकडच्या आयातदारावर पैशांची जबाबदारी आली. आयातदाराचा असा सगळा माल मिळून वर्षाला ५० टनांपर्यंतच असेल, तर त्याला सूट आहे. म्हणून ‘तुमची वर्षाची एकूण आयात किती?’ हा प्रश्न त्याला आधी विचारा. कित्येकांचं काम तिथेच संपतं.

सीबॅममध्ये पोलाद आणि ॲल्युमिनियमसाठी विजेचं उत्सर्जन सध्या मोजलंच जात नाही. मात्र घेतलेल्या कच्च्या मालाच्या पोटातलं उत्सर्जन मोजलं जातं. वीजबिलांचा गठ्ठा पाठवणाऱ्याने नेमका नको तोच कागद पाठवलेला असतो. आणखी एक. शेडमधून निघालेल्या भंगाराच्या नावे उत्सर्जन टाकता येत नाही. १४० टनांचा सगळा भार १२० टन तयार मालावरच बसतो. म्हणून कटिंगमधली नासाडी कमी करणं हाही कार्बन कमी करण्याचाच मार्ग आहे, आणि त्याला कोणाची परवानगी लागत नाही.

कागदपत्रं

नेहमीची तुमच्याकडे असतीलच: उद्यम नोंदणी, जीएसटी, प्रदूषण नियंत्रण मंडळाचं संमतीपत्र, बारा महिन्यांची वीजबिलं, डिझेल आणि एलपीजीच्या पावत्या.

खरा कस खरेदीच्या वहीत लागतो. इतवारीच्या लोहाओळीतल्या लोखंड व्यापाऱ्याकडून आलेलं बिल कधी किलोत असतं, कधी नगात, कधी फुटात. कार्बनचा हिशेब फक्त वजनावर चालतो. रुपयांवरून वजन काढू नका, भाव महिन्याला बदलतो. वजनकाट्याची पावती बिलाला टाचून ठेवा. पावती नसेल तर मापावरून काढा. आठ फूट बाय चार फूट, ३ मिलिमीटर जाडीची शीट म्हणजे २.४४ मीटर गुणिले १.२२ मीटर गुणिले ३ गुणिले ७.८५ (पोलादाची घनता), सुमारे ७० किलो. वर्षभराच्या शीटा अशा किलोत आणायला एका माणसाचे दोन-तीन दिवस जातात. ते द्या. पुढचा सगळा हिशेब या एका रकान्यावर उभा आहे.

दुसरा महत्त्वाचा कागद मिल टेस्ट सर्टिफिकेट, म्हणजे पोलाद बनवणाऱ्या मिलचा तपासणी दाखला, आपल्याकडे ज्याला एमटीसी म्हणतात. त्यावर हीट नंबर असतो. माल तीन व्यापाऱ्यांच्या हातून आला तरी तो कोणत्या भट्टीतून निघाला, हे त्या नंबरावरून लागतं. त्याच कागदावर ‘सी’ नावाचा रकाना असतो आणि त्यात ०.१८ सारखा आकडा असतो. हा पोलादातल्या कार्बनचा टक्का आहे, उत्सर्जनाचा नाही. एका युनिटने तोच आकडा ग्राहकाच्या फॉर्ममध्ये ‘टनामागे कार्बन’ म्हणून भरला होता. फॉर्म परत आला, त्यात दीड महिना गेला आणि तेवढ्यात ऑर्डर दुसरीकडे वळली. त्या पोरांनी रात्री जागून तो फॉर्म भरला होता. कोणी एकदा समजावून सांगितलं असतं तर ही वेळ आली नसती.

एमटीसी हातात आली की मिलला लेखी विचारा, की हा माल ब्लास्ट फर्नेसचा, स्पंज आयर्न आणि इंडक्शन भट्टीचा, की भंगार वितळवून केलेला? आणि टनामागे उत्सर्जनाचा पडताळलेला आकडा आहे का? उत्तर आलं नाही तर पाठवलेला मेल फाइलला लावा. पडताळणी करणारा माणूस तुम्ही मागितलं होतं की नाही, हेही बघतो.

तिसरा कागद तुम्ही बहुधा दरवर्षी भरताच: फॉर्म ५, म्हणजे पर्यावरण विवरणपत्र. ३१ मार्चला संपणाऱ्या वर्षाचं ते ३० सप्टेंबरपर्यंत मंडळाकडे जातं, आणि त्यात उत्पादनाच्या एककामागे पाणी आणि कच्चा माल किती लागला हे लिहावं लागतं. बरेच जण गेल्या वर्षीचे आकडे थोडे हलवून पुढे ढकलतात. आता तसं करू नका. फॉर्म ५ मध्ये १०० टन आणि ग्राहकाच्या फॉर्ममध्ये १४० टन दिसले, तर दोन्ही कागद संशयात येतात. घातक कचऱ्याच्या वार्षिक विवरणपत्राचं, म्हणजे ३० जूनपर्यंतच्या फॉर्म ४ चंही तेच. बुटीबोरीच्या प्रक्रिया केंद्राकडे गेलेल्या कचऱ्याची मॅनिफेस्ट (कचरा पाठवल्याची चलनं) आणि ते विवरणपत्र जुळलं पाहिजे.

अर्ज कुठे आणि कसा

उत्पादनाच्या कार्बन ठशासाठी, म्हणजे त्यामागच्या एकूण उत्सर्जनाच्या हिशेबासाठी, सरकारी खिडकी नाही. आयएसओ १४०६७ या मानकानुसार हिशेब मांडायचा आणि मान्यताप्राप्त त्रयस्थ संस्थेकडून तो पडताळून घ्यायचा. ‘सरकारी कार्बन सर्टिफिकेट काढून देतो’ असं कोणी म्हणालं तर पैसे देऊ नका. अर्जात आधी एकक ठरवा, उदाहरणार्थ एक किलो तयार ब्रॅकेट. मग हद्द ठरवा: खाणीपासून तुमच्या गेटपर्यंत. मग एक आर्थिक वर्ष. या तीन गोष्टी मध्येच बदलल्या तर सगळं पुन्हा मांडावं लागतं.

पोलाद बनवणाऱ्यांसाठी मात्र सरकारी मार्ग आहे. पोलाद मंत्रालयाने डिसेंबर २०२४ मध्ये हरित पोलादाची वर्गवारी जाहीर केली. तयार पोलादाच्या टनामागे २.२ टनांपेक्षा कमी उत्सर्जन असेल तरच ते हरित. १.६ च्या खाली पाच तारे, १.६ ते २.० चार, २.० ते २.२ तीन. प्रमाणपत्राचं काम राष्ट्रीय द्वितीयक पोलाद तंत्रज्ञान संस्थेकडे आहे. तुम्ही पोलाद वितळवत नसाल तर हा अर्ज तुमचा नाही. पण मिलकडे हे प्रमाणपत्र मागणं तुमच्या हातात आहे.

नोंदी ठेवण्याची सवय लागावी म्हणून झेड (झिरो डिफेक्ट, झिरो इफेक्ट) या केंद्राच्या एमएसएमई योजनेच्या प्रमाणपत्रापासून सुरुवात करायला मी सांगतो. हा कार्बनचा दाखला नव्हे, पण त्यात ऊर्जा, कचरा आणि मोजमापाच्या नोंदी तपासल्या जातात. उत्पादन करणारा आणि उद्यम नोंदणी असलेला उद्योग पात्र. झेडच्या पोर्टलवर उद्यम क्रमांकाने नोंदणी, मग प्रतिज्ञा, मग ब्राँझ, सिल्व्हर किंवा गोल्डसाठी अर्ज. शुल्क अनुक्रमे १०,०००, ४०,००० आणि ९०,००० रुपये ठरलेलं आहे. त्यावर सूक्ष्म उद्योगाला ८०, लघुला ६० आणि मध्यमला ५० टक्के अनुदान, महिलांच्या मालकीच्या उद्योगाला पूर्ण, अशी योजनेची मांडणी आहे. पैसे भरण्याआधी त्या दिवशीचे दर पोर्टलवर पाहून घ्या. अडलं तर सेमिनरी हिल्सच्या सीजीओ कॉम्प्लेक्समधलं केंद्राचं एमएसएमई कार्यालय गाठा. संमतीपत्र आणि फॉर्म ५ साठी सिव्हिल लाइन्सच्या उद्योग भवनात प्रदूषण नियंत्रण मंडळाचं प्रादेशिक कार्यालय आहे.

ॲल्युमिनियमवाल्यांसाठी वाडीजवळ अमरावती रोडला जवाहरलाल नेहरू ॲल्युमिनियम संशोधन केंद्र आहे, ही नागपूरची मोठीच सोय. खनिजापासून बनवलेल्या एका टन ॲल्युमिनियमला सुमारे १४ हजार युनिट वीज लागते, तर भंगारातून करताना ऊर्जा त्याच्या पाच टक्क्यांच्या आसपास. त्यामुळे तुमच्या बिलेटमध्ये (ओतलेल्या कच्च्या ठोकळ्यात) भंगाराचा वाटा किती, याचं पुरवठादाराकडून आलेलं लेखी पत्र फाइलमध्ये सर्वांत वर लावा.

पडताळणीला माणूस येईल तेव्हा तो वहीतली कोणतीही एक तारीख निवडतो आणि त्या दिवसाचं बिल, काट्याची पावती, एमटीसी आणि रॅकवरच्या मालावरचा हीट नंबर मागतो. यातले तिन्ही कागद एकाच प्लॅस्टिक पाकिटात, तारखेनुसार ठेवा. सीबॅमसाठी हा गठ्ठा पडताळणीनंतर चार वर्षं सांभाळावा लागतो. पावसाळ्यात शेड गळत असेल तर तो ऑफिसच्या कपाटात हलवा आणि फोटो काढून ठेवा, कारण काट्याच्या थर्मल पावतीवरची अक्षरं नागपूरच्या मे महिन्यात पुसट होतात.