टायर व रिमचा आकार आणि मोटारगाडीची इंधन-कार्यक्षमता

मोटारगाडीच्या मूळ टायर व रिमऐवजी (रिम म्हणजे टायर ज्यावर बसतो तो चाकाचा धातूचा भाग) वेगळ्या व्यासाचे, रुंदीचे किंवा वजनाचे टायर व रिम बसवल्यावर लिटरमागे कापल्या जाणाऱ्या अंतरात, म्हणजे बोलीत ज्याला गाडीचे ‘ॲव्हरेज’ म्हणतात त्यात, पडणारा फरक हा या नोंदीचा विषय आहे. हा फरक एका कारणाने पडत नाही. शिवाय मीटरवर दिसणारा, पण प्रत्यक्षात न घडलेला असा एक फरक त्यात मिसळलेला असतो आणि तो वेगळा काढल्याखेरीज बाकीच्या कारणांचा हिशेब लागत नाही.

टायरच्या बाजूवर १८५/६५ आर१५ असा मजकूर उठवलेला असतो. त्यातील १८५ ही टायरची मिलिमीटरमधील रुंदी, ६५ म्हणजे त्या रुंदीच्या ६५ टक्के इतकी बाजूच्या भिंतीची उंची, ‘आर’ म्हणजे रेडियल बांधणी आणि १५ हा रिमचा इंचांतील व्यास. रिमच्या व्यासात भिंतीची उंची दोनदा मिळवली की चाकाचा एकूण व्यास मिळतो. मारुती सुझुकी स्विफ्टच्या खालच्या श्रेणीतील गाड्यांना १६५/८० आर१४ आणि वरच्या श्रेणीतील गाड्यांना १८५/६५ आर१५ हे टायर दिले गेले आहेत. पहिल्याचा एकूण व्यास सुमारे ६२० मिमी येतो, तर दुसऱ्याचा सुमारे ६२२ मिमी. म्हणजे रिम एका इंचाने मोठी झाली तरी भिंत तेवढीच बुटकी केल्यामुळे चाकाची उंची जवळजवळ बदललेली नाही. ‘मोठी चाके’ असे आपण म्हणतो तेव्हा पुष्कळदा चाक मोठे झालेले नसते, फक्त त्यातील धातूचा भाग वाढून रबराचा कमी झालेला असतो.

एकूण व्यास बदलला तर मात्र मीटर फसते. गाडीचे अंतरमापक प्रत्यक्ष अंतर मोजत नाही, ते चाकाचे फेरे मोजून मूळ टायरच्या परिघाने गुणते. १८५/६५ आर१५ च्या जागी १९५/६५ आर१५ बसवला, तर व्यास सुमारे दोन टक्क्यांनी वाढतो आणि गाडी प्रत्यक्ष १००० किमी धावली तरी मीटर सुमारे ९८० किमीच दाखवते. त्या अंतराला ५० लिटर पेट्रोल लागले असेल, तर खरे ॲव्हरेज २० असूनही मालकाच्या हिशेबात ते १९.६ येते. लहान व्यासाचा टायर लावणाऱ्याला उलट अनुभव येतो. त्याचे ॲव्हरेज कागदावर सुधारते आणि गाडीही मीटरच्या मानाने लवकर म्हातारी दिसू लागते. नव्या टायरची नक्षी साधारण ८ मिमी खोल असते आणि १.६ मिमी उरली की टायर बदलायचा, असा नियम आहे. या झिजेमुळेच व्यासात सुमारे १३ मिमीचा, म्हणजे पुन्हा दोन टक्क्यांच्या आसपासचा फरक पडतो. आकार बदलणारा माणूस बहुधा जुने गुळगुळीत टायर काढून नवे घालत असतो, त्यामुळे तो नकळत दोन बदलांची तुलना एकत्र करतो. टाकी ‘फुल टू फुल’, म्हणजे आधी काठोकाठ आणि गाडी धावल्यावर पुन्हा काठोकाठ, भरून आणि अंतर जीपीएसवर किंवा रस्त्यावरील किलोमीटरच्या दगडांवर मोजून केलेली तुलनाच यात विश्वासार्ह ठरते.

प्रत्यक्ष इंधन खाणाऱ्या कारणांत रोलिंग रेझिस्टन्स, म्हणजे टायर जमिनीवर फिरताना होणारा रोध, महत्त्वाचा आहे. भाराखाली टायर जमिनीशी दबतो, पुढे सरकताच पुन्हा मूळ आकारात येतो, आणि या दबण्या-सुटण्यात रबराला दिलेल्या ऊर्जेचा काही भाग परत न मिळता उष्णता होऊन जातो; लांबच्या प्रवासानंतर टायर हाताला गरम लागतो तो मुख्यतः यामुळेच. अमेरिकेच्या ट्रान्सपोर्टेशन रिसर्च बोर्डाने २००६ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार हा रोध १० टक्क्यांनी घटला तर इंधनात १ ते २ टक्क्यांची बचत होते. रुंद टायर जमिनीला जास्त टेकतो म्हणून जास्त पेट्रोल पितो, हे सर्रास दिले जाणारे स्पष्टीकरण मात्र अर्धेच खरे आहे. हवेचा दाब आणि भार तेच असतील तर टेकणाऱ्या भागाचे क्षेत्रफळ फारसे बदलत नाही. तो भाग रुंद होतो, पण लांबीने आखूड होतो. रुंद टायरने इंधन वाढते ते बहुतेक वेळा त्यात रबर जास्त असते आणि ते रबर पकडीसाठी मऊ, चिकट मिश्रणाचे असते म्हणून. त्यामुळे एकाच आकाराच्या दोन टायरमधला फरक कधीकधी दोन आकारांमधल्या फरकाहून मोठा निघतो. युरोपीय संघात २०१२ पासून टायरसोबत इंधन-कार्यक्षमतेची श्रेणी सांगणारे लेबल देणे बंधनकारक आहे, ते याच कारणासाठी.

दुसरे कारण वजन. रबरापेक्षा धातू जड असल्याने मोठी रिम सहसा जड होते, आणि अलॉय, म्हणजे मिश्रधातूची रिम, म्हटले की हलकेच असणार ही समजूत प्रत्येक वेळी खरी ठरत नाही. चाकाचे वजन गाडीबरोबर पुढे ढकलावे लागते आणि शिवाय फिरवावेही लागते, म्हणून वेग वाढवताना परिघाजवळचा एक किलो जवळजवळ दोन किलोंइतका भार देतो. त्याहून अधिक नाही. चाकावरचा एक किलो म्हणजे गाडीतले दहा किलो, असे जे ऐकायला मिळते त्याला यंत्रशास्त्रात आधार नाही. प्रत्येक चाक ३ किलोंनी जड झाले तर अकराशे किलोंच्या गाडीला वेग घेताना सुमारे दोन टक्के जास्त वस्तुमान ओढल्यासारखे होते. हा तोटा सिग्नलागणिक थांबणाऱ्या शहरी वाहतुकीत जाणवतो. महामार्गावर एकसारख्या वेगाने जाताना फिरण्याचे जडत्व जवळपास काहीच मागत नाही.

महामार्गावर त्याची जागा हवेचा रोध घेतो. रुंद टायरमुळे समोरून वारा अडवणारे क्षेत्र थोडे वाढते आणि हा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. व्यास वाढला तर मात्र त्याच वेगाला इंजिनाचे फेरे कमी होतात, जणू गिअर थोडा उंच झाला. सपाट रस्त्यावर यातून किंचित फायदा होऊ शकतो, पण कसाऱ्यासारख्या घाटात किंवा भरलेल्या गाडीत वारंवार खालचा गिअर टाकावा लागून तो निघून जातो.

ही सारी कारणे एकत्र आली की फरक ठळक दिसतो. ‘कार अँड ड्रायव्हर’ या अमेरिकी मासिकाने २०१० मध्ये एकाच फोक्सवॅगन गोल्फला १५ ते १९ इंची रिमचे संच आळीपाळीने लावून चाचणी घेतली, तेव्हा सर्वांत लहान आणि सर्वांत मोठ्या संचांत इंधन-कार्यक्षमतेचा सुमारे १० टक्के फरक आढळला. मोठा संच अर्थातच रुंद आणि बराच जडही होता. एक-दोन इंचांच्या बदलात इतका फरक सहसा पडत नाही, आणि जो पडतो तो टायरमधील हवेकडे दुर्लक्ष केले तर सहज झाकला जातो: अमेरिकी ऊर्जा विभागाच्या अंदाजानुसार चारही टायरमधील दाब सरासरी १ पीएसआयने (हवा भरताना वापरतात ते दाबाचे एकक) उतरला की कार्यक्षमता सुमारे ०.२ टक्क्यांनी घटते.

व्यास मोठा, पण रुंदी कमी, असा उलटा मार्गही वापरला गेला आहे. मोठ्या व्यासाचा टायर जमिनीशी कमी वाकतो आणि अरुंद टायर वारा कमी अडवतो, हे लक्षात घेऊन २०१३ मध्ये आलेल्या बीएमडब्ल्यू आय३ या विजेवरच्या गाडीला ब्रिजस्टोनने १५५/७० आर१९ हा सायकलची आठवण करून देणारा टायर पुरवला. १९ इंची चाकांच्या इतर बहुतेक गाड्यांचे टायर याहून कितीतरी रुंद असतात.