उन्हाळ्यात टायरची हवा कमी ठेवावी का?

एप्रिल लागला की जालना, परभणी, नांदेड, कुठल्याही पंपावर हवा भरणारा पोरगा हमखास म्हणतो, "ऊन लई हाय साहेब, दोन-चार पॉइंट कमीच ठिवतो. न्हाईतर फुटंल." सल्ला मनापासूनचा असतो आणि पटतोही. तापलेली हवा फुगणार, मग आधीच जागा ठेवलेली बरी! घोळ एवढाच की टायर फुटतो तो बहुतेक वेळा हवा कमी असल्यामुळे.

हिशेब करू. ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर ३३ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप, पंपावरचा 'पॉइंट' तो हाच) लिहिलंय आणि सकाळी २७ अंशाला तेवढी हवा भरली. दुपारी पळून पळून आतली हवा ६० अंशांवर गेली, तर गेज साधारण ३८ दाखवेल. टायरच्या कडेवर, म्हणजे बाजूच्या उभ्या भिंतीवर, कमाल दाब बहुधा ४४ किंवा ५१ छापलेला असतो, त्यामुळे हे वाढीव पाच पॉइंट तो सहज पेलतो. पण ३८ बघून घाबरलात आणि गरम टायरमधली हवा सोडून पुन्हा ३३ केली, तर दुसऱ्या दिवशी सकाळी त्यात २८ च उरते.

२८ वर काय होतं? टायरची कड जास्त दबते. रबर दबून परत उभं राहताना सगळी ऊर्जा परत देत नाही, थोडी उष्णता म्हणून स्वतःतच ठेवतं. मध्यम आकाराच्या एसयूव्हीचं चाक १२० च्या वेगाला सेकंदाला पंधराएक फेऱ्या मारतं. म्हणजे कडेचा प्रत्येक भाग तासाभरात पन्नास हजारांवर वेळा दबतो. समृद्धी महामार्गावर वैजापूरपासून जालन्यापर्यंत ना सिग्नल ना गाव, रबराला थंड व्हायला उसंतच नाही. त्यात मे महिन्याचा तापलेला रस्ता, मागे पाच माणसं आणि लग्नाचं सामान. आतल्या दोऱ्या आणि रबर एकमेकांपासून सुटायला लागतात, आणि मग आवाज येतो.

तेव्हा हवा बघायची ती गाडी निदान तीन तास उभी राहिल्यावर, शक्यतो सकाळी. चाळीस किलोमीटर पळवून पंपावर घेतलेलं रीडिंग फसवं असतं. तापमान १० अंशांनी घसरलं की दीडेक पॉइंट उतरतो. परभणीत मे महिन्यात पारा ४२ ला आणि डिसेंबरच्या पहाटे १० च्या खाली, हे लक्षात घेतलं तर उन्हाळ्यात भरून विसरलेली हवा हिवाळ्यात कुठे जाते ते कळेल. नायट्रोजन भरला तरी यातून सुटका नाही. साध्या हवेतही ७८ टक्के तोच असतो.

आता पकड. चाकावर ४०० किलो भार आणि ३३ पीएसआय दाब असेल तर रस्त्याला टेकणारा भाग साधारण १७० चौरस सेंटिमीटर, म्हणजे तळहाताएवढा. हवा कमी केली की तो वाढतो, म्हणून काहींना वाटतं पकडही वाढेल. पण डांबरी रस्त्यावर भार नक्षीच्या दोन्ही कडांवर जातो आणि मधली नक्षी नुसतीच टेकते. पावसात तर उलटंच होतं. पाण्यावर टायर तरंगायला लागण्याचा वेग दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो. विमानांच्या टायरांवरून निघालेल्या जुन्या सूत्राने ३३ ला तो साधारण ९५ किलोमीटर येतो, २५ ला ८३. आकडे ढोबळ आहेत, पण हवा कमी तर धोका लवकर, हे पक्कं.

आपल्या काळ्या मातीचं गणित वेगळं. तिच्यातली चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि नक्षीच्या खाचा गच्च भरून टाकते, नवा टायरसुद्धा गुळगुळीत होतो. शेतातून निघालेले ट्रॅक्टर हाच चिखल डांबरावर आणून टाकतात आणि मृगाच्या पहिल्या सरीत त्याचा लेप होतो. तिथे उंच गाडीचा काही उपयोग नाही. शिवाय बऱ्याच कौटुंबिक एसयूव्हींमध्ये इंजिनचा जोर फक्त पुढच्या चाकांना मिळतो. पांदीत, म्हणजे शेतांमधल्या कच्च्या वाटेत, रुतलात तर मात्र हवा १८-२० पर्यंत सोडणं खरंच कामी येतं. बाहेर पडल्यावर हळू जाऊन आधी ती भरून घ्यायची.

झीज वाचायला यंत्र लागत नाही. नक्षीच्या दोन्ही कडा घासल्या तर हवा कमी, मधला पट्टा घासला तर जास्त. एकच कड गेली तर अलाइनमेंट, म्हणजे चाकांचा कोन, बिघडलेली. नक्षीवरून हात आडवा फिरवा. एकीकडून गुळगुळीत आणि उलट फिरवताना दातेरी लागलं, तर चाकं वाकडी चालताहेत. खाचेच्या तळाशी छोटे उंचवटे असतात, नक्षी त्यांच्या बरोबरीला आली म्हणजे १.६ मिलिमीटर उरली. कायद्याने तिथे टायर संपला. पावसाळ्याच्या तोंडावर मी तरी तेवढी वाट बघणार नाही.

दोनच नवे टायर घ्यायचे असतील तर दुकानदार ते पुढे टाकतो, कारण स्टिअरिंग पुढे. ते मागे टाकायला सांगा. पुढची चाकं घसरली तर गाडी सरळ जाते आणि ते स्टिअरिंगवर लगेच जाणवतं. मागची घसरली तर गाडी गर्रकन फिरते आणि सावरायला वेळच मिळत नाही.