उभी गिटार, आडवी गिटार

लगीनसराईत खान्देशात वादक कमी पडतात. एकाच तारखेला जळगावला सुपारी, शिरपूरला सुपारी, आणि हवाईयनवाला गावात एकच. मग मॅनेजर गिटारवाल्याकडे वळतो आणि सगळा प्रश्न एका वाक्यात मिटवतो : "भो, ती बी गिटारच शे ना!"

शे, पण नावापुरतीच. सहा तारा सारख्या, अ‍ॅम्प्लिफायर एकच, दुकानातही शेजारी शेजारी टांगलेल्या. आपल्याकडे छातीशी धरायच्या साध्या गिटारला स्पॅनिश म्हणतात आणि मांडीवर आडवी ठेवून लोखंडी कांडीने वाजवायची ती हवाईयन, म्हणजे स्टील गिटार. हवाई बेटांवर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ही पद्धत रुजली. जोसेफ केकुकू या तरुणाला तिचं श्रेय दिलं जातं. गंमत म्हणजे आज पोरांना ज्या इलेक्ट्रिक गिटारचं वेड आहे, तिचा 1932 साली बाजारात आलेला पहिला यशस्वी नमुना मांडीवरचाच होता. फ्राइंग पॅन म्हणायचे त्याला, दिसायलाही तसाच.

उभ्या गिटारवर अवघड पीस (गाण्यातला वाजवायचा तुकडा) बसवायचा म्हणजे मुख्यतः बोटांचं भांडण असतं. सूर कुठे आहे हे पडद्याने, म्हणजे गिटारच्या मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्टीने, ठरवून ठेवलंय. बोट पडद्याच्या थोडं मागे पडलं तरी तार पडद्यावरच टेकते आणि सूर नेमका निघतो. अडचण असते ती वेळेवर पोचण्याची : चौथं बोट कमी पडतं, उजव्या हाताचा पिक (तार छेडायची चकती) आणि डावं बोट एकाच क्षणी येत नाहीत. म्हणून इथली तालीम सरळ असते. मोबाइलवर रेकॉर्डिंग निम्म्या वेगाने लावा, चार-चार सुरांचे तुकडे पाडा, बोटं एकदा ठरवली की बदलू नका, आणि मेट्रोनोम, म्हणजे लयीचे ठोके देणारं यंत्र, दोन-दोन ठोक्यांनी चढवत न्या. कंटाळवाणं आहे, पण होतं.

आडव्या गिटारवर पडदे नुसत्या रेघा असतात. तार त्यांना टेकतच नाही, कांडी जिथे असेल तिथे सूर. आणि कांडी रेघेच्या बरोबर वर हवी, मागे नको. उभी गिटार वाजवणारा सवयीने ती जरा मागे ठेवतो, म्हणून पहिले काही दिवस तो सगळं उतरं वाजवतो आणि दोष तारांना देतो. हिशोब बघा. 648 मिलिमीटर लांबीच्या तारेवर पहिला पडदा साधारण 36 मिलिमीटरवर येतो, पण बाराव्या आणि तेराव्या पडद्यातलं अंतर जेमतेम 18. म्हणजे वरच्या सप्तकात कांडी दोन मिलिमीटर चुकली की अर्ध्या सुराचा नववा हिस्सा गेला. शेव-भाजीत मीठ जास्त झाल्यावर जसं कुणाला सांगावं लागत नाही, तसंच हे. शिवाय तिरक्या नजरेने रेघ पाहिली की ती सरकलेली दिसते, म्हणून मान वाकवून थेट वरून बघावं लागतं.

यातूनच एक उलटा प्रकार होतो आणि मला यातली सगळ्यात मोलाची गोष्ट हीच वाटते. उभ्या गिटारवर जलद पीस अवघड, संथ पीस सोपा. आडव्या गिटारवर संथ पीसच जीव घेतो. लांब सूर धरला की तो कुठे चुकलाय हे मांडवातल्या मागच्या खुर्चीलाही कळतं. हौशी वादक मग चूक झाकायला प्रत्येक सुरावर घसरत येतो आणि कांडी थरथरवत राहतो. चोपड्याकडे एका हळदीच्या कार्यक्रमात मी हेच केलं होतं. खाली उतरल्यावर एका म्हाताऱ्या बँडवाल्याने विचारलं, "तुनी गिटार गाई राहिनी का रडी राहिनी?" त्यानंतर महिनाभर मी तानपुऱ्याच्या आवाजावर, कांडी अजिबात न हलवता, एकेक सूर धरत बसलो. कंप नंतर. मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता सरकत जाणं, त्याच्याही नंतर, आणि तीही आधी गळ्याने गाऊन. जी गाता येत नाही ती कांडीने येत नाही.

मींड मात्र हिची खरी जहागीर. उभ्या गिटारवर तार ओढून एक-दीड सूर चढतो, त्यापुढे बोट आणि तार दोन्ही कुरकुरतात. इथे एका आघातात सप्तकभर जाता येतं. 1967 च्या 'कॉल ऑफ द व्हॅली'मध्ये शिवकुमार शर्मांचा संतूर आणि हरिप्रसाद चौरसियांची बासरी यांच्याबरोबर ब्रिजभूषण काब्रांची गिटार आहे ती हीच, आडवी. हजारा सिंग, व्हॅन शिपली, सुनील गांगुली यांच्या सिनेगीतांच्या रेकॉर्डही याच वाद्यावर गायच्या. उलट 1971 च्या 'दम मारो दम'ची सुरुवातीची गिटार भूपिंदर सिंगांची, ती उभी. बोटांचा तुटक ठसका तिथे हवाच असतो. कांडीने वाजवली तर तिची धार जाईल.

तारा लावण्यातही घोटाळा आहे. उभ्या गिटारची नेहमीची लावणी आडवीवर फारशी कामाची नाही, कारण कांडी सरळ असते आणि ती सगळ्या तारा एका रेषेत दाबते. म्हणून तिच्या तारा कॉर्डमध्येच, म्हणजे एकत्र वाजल्यावर जुळणाऱ्या सुरांत, लावतात. एक जुनी लावणी जाड तारेकडून बारीक तारेकडे प सा प सा ग प अशी आहे : कांडी कुठेही सरळ ठेवा, मेजर कॉर्ड तयार. मायनर आला की तारा निवडायच्या किंवा कांडी तिरकी धरायची. त्यामुळे अवघड पीस इथे हातात घेण्याआधी कागदावर सोडवावा लागतो, कुठला सूर कुठल्या तारेवर घ्यायचा ते. उभ्या गिटारवर पाठ केलेली बोटं इथे शून्य कामाची.

मग आवाज बंद करणं. हे कुणी शिकवतच नाही. उभ्या गिटारवर बोटाची पकड सैल केली की तार गप्प. इथे कांडी उचलली की खणखणाट होतो, म्हणून उजव्या तळव्याने तारा दाबून मग कांडी हलवायची, आणि डाव्या हाताची मागची बोटं कांडीच्या मागे तारांवर ओढत ठेवायची. माझ्या मते जलद पिसाची अर्धी मेहनत इथेच जाते.

एका बाबतीत आडवी धंद्याला सोयीची. गायकाचा गळा बसतो आणि तो स्टेजवरच म्हणतो, "काळी एक नको, पांढरी एक धर." म्हणजे पट्टी अर्ध्या सुराने उतरव. उभ्या गिटारवर मोकळ्या, म्हणजे बोट न ठेवता वाजवायच्या, तारांवर बसवलेला पीस तिथेच कोसळतो, पट्टी चढवायची असती तर कॅपो, म्हणजे मानेवर बसवायचा चिमटा, लावला असता, उतरवायला तोही उपयोगाचा नाही. आडव्या गिटारवर मोकळी तार टाळून बसवला असेल तर सगळं एक घर सरकवलं की झालं.

आपल्याकडच्या उन्हाचंही बघावं लागतं. मे महिन्यात दुपारी चारला तापलेल्या मांडवात लावलेल्या तारा रात्री गारवा आला की चढतात. सगळ्या सारख्या चढल्या तर आडवीवाला कांडीने सांभाळून घेतो, पण त्या सारख्या कधीच चढत नाहीत. कार्यक्रमाआधी दहा मिनिटं मागून घ्या, चहा नंतर प्या. कांडी पुसायला सुती रुमाल खिशात ठेवा, घामाने ती निसटते.

आणि मॅनेजरने आठवड्याच्या बोलीवर हवाईयन गळ्यात मारलीच, तर एक मध्यम लयीचा, एका-दोन तारांवर मावणारा पीस मागून घ्या. संथ गाण्यांची सुरुवात कीबोर्डवाल्याला द्या. तो कुरकुरेल, पण वाजवेल.