दोरीच्या अलीकडे

मार्चमधली पहाट. रत्नागिरी जिल्ह्याच्या मंडणगड तालुक्यातलं, नाना फडणवीसांचं वेळास. किनाऱ्यावर दोरीच्या अलीकडे पुण्या-मुंबईची कुटुंबं उभी आहेत, कडेवर पेंगुळलेली पोरं. कासवमित्र कुंपणात शिरतो आणि घरट्यावरची टोपली अलगद उचलतो. खालची वाळू हलतेय. तळहातावर मावणारी ऑलिव्ह रिडले या समुद्री कासवाची पिल्लं वाळूवर सोडली की वल्ही मारल्यासारखे पाय मारत पाण्याकडे निघतात. त्यांना उचलून थेट पाण्यात ठेवत नाहीत. मोठेपणी मादी अंडी घालायला जन्मकिनाऱ्याच्या परिसरात परतते. त्या किनाऱ्याची खूण पिल्लाच्या मनावर याच वेळी ठसत असावी, असं अभ्यासक मानतात. पिल्लू उजळ दिसणाऱ्या क्षितिजाकडे वळतं, म्हणून टॉर्च आणि फ्लॅश बंद.

मला मात्र कुतूहल वाटतं ते दोरीअलीकडच्या माणसांचं. दुसऱ्या एखाद्या किनाऱ्यावर हीच मंडळी वाळूत गाडी घालतात, स्पीकर लावतात. इथे ती कुजबुजत बोलतात. नियमांचे फलक तर सगळीकडेच असतात, मग फरक कशाने पडतो?

अमेरिकेत अॅरिझोना राज्यात पेट्रिफाइड फॉरेस्ट नावाचं राष्ट्रीय उद्यान आहे. तिथे लाखो वर्षांत दगड झालेल्या लाकडाचे तुकडे विखुरलेले आहेत आणि पर्यटक ते खिशात घालून नेतात. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट चाल्डिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खुणा केलेले तुकडे पायवाटांवर ठेवले आणि दोन तऱ्हेचे फलक लावून पाहिले. ‘कृपया लाकूड नेऊ नका’ असा फलक होता तिथे १०० मागे दोनपेक्षाही कमी तुकडे गेले. ‘आजवर अनेकांनी लाकूड नेलं, त्याने जंगलाचं रूप बदललं’ या फलकापाशी जवळजवळ ८ गेले. दुसऱ्या फलकातली तळमळ खरी होती, पण वाचणाऱ्याने त्यातून एवढंच घेतलं की इथे सगळेच नेतात.

अनोळखी जागी माणूस आधी इतरांकडे बघतो आणि त्यावरून तिथली रीत ओळखतो. देवळाबाहेर चपला काढायला आपल्याला कुणी दंडाची भीती घालावी लागत नाही. सह्याद्रीतल्या कित्येक देवरायांमधून वाळकी काटकीसुद्धा घरी आणत नाहीत. संस्कृती म्हणतात ती हीच, न सांगता पाळली जाणारी. म्हणूनच ‘इथे लोक फार कचरा करतात’ असे फलक गडागडांवर दिसले की मला खरोखर वाईट वाटतं. चांगल्या हेतूने आपण चुकीचीच रीत शिकवतो.

वेळासलाही रीत घडवावी लागली. पूर्वी कासवांची अंडी उकरून खाल्ली जात, विकली जात. २००२ पासून चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ने, भाऊ काटदरे यांच्या पुढाकाराने, इथे संवर्धन सुरू केलं. गावकरीच घरट्यांची राखण करू लागले, पुढे कासव महोत्सव आला. माणसं गावातल्या घरांमध्येच उतरतात. ओसरीवर पथारी, पंगतीला आमटी-भात आणि सोलकढी. माझ्या मते खरी किल्ली इथे आहे. ज्या माउलीने रात्री आग्रहाने वाढलं, तिच्याच गावच्या वाळूत सकाळी बाटली फेकायला हात धजत नाही. पर्यटकाचा पाहुणा झालेला असतो. पैसाही त्याच घरात राहतो, त्यामुळे कासव जगणं ही गावाची गरज बनते.

भंडारदऱ्याच्या काजव्यांना हे सगळं मिळायला हवं. मेअखेरीला तिथे नर काजवे प्रकाशाच्या लुकलुकीने मादीला साद घालतात. गाड्यांच्या दिव्यांत ती साद हरवते. झुडपांवर, गवतात बसलेल्या माद्या पायांखाली येऊ शकतात. एकाने मोबाइलचा टॉर्च लावला की पाठोपाठ दहा जण लावतात, आणि उद्यानातल्या त्या दुसऱ्या फलकाचंच काम तो पहिला टॉर्च करतो. तो पहिला हात थोपवायला त्या अंधारात गावातलंच कुणीतरी सोबत असायला हवं.

वेळासला कधी कधी टोपलीखाली काहीच नसतं. कासवमित्र एकेक टोपली उचलून दाखवतो, मान हलवतो, संध्याकाळी पुन्हा या म्हणतो. गर्दी कुरकुर न करता सुरूच्या झाडांमधून गावाकडे वळते. घरोघरी चहा ठेवलेला असतो.