जेनी घरात मावली, वॉटर फ्रेमला गिरणी लागली

स्पिनिंग जेनी आणि वॉटर फ्रेम ही नावं परीक्षेपुरती एका दमात घोकली जातात. दोन्ही सूतकताईची, दोन्ही इंग्लंडची, दोन्ही १७६०च्या दशकातली. कातणाऱ्याच्या बाजूनं पाहिलं तर मात्र जमीनअस्मानाचा फरक.

जेनी लँकेशायरच्या जेम्स हारग्रीव्ह्ज या विणकराची, साधारण १७६४ची. चरख्याला चाती (सुताला पीळ देऊन ते गुंडाळणारी सळई) एक, हिला सुरुवातीलाच आठ. उजव्या हातानं चाक फिरवायचं, डाव्या हातानं पेळू (कापसाची सैल वात) पकडणारी दांडी मागं खेचायची, पीळ बसला की दांडी पुढं नेत सूत चात्यांवर गुंडाळायचं. म्हणजे सगळा खेळ हाताच्या अंदाजाचा. यंत्र झोपडीत मावे, त्यामुळे घरकाम सांभाळून कातता येई. पण म्हणून ते सगळ्यांना गोड वाटलं असं नाही. पोटावर पाय येणार या धास्तीनं जमावानं १७६८मध्ये जेन्या फोडल्या आणि हारग्रीव्ह्ज नॉटिंगहॅमला गेला.

वॉटर फ्रेमचं पेटंट १७६९चं, रिचर्ड आर्कराइटच्या नावावर. हा मूळचा न्हावी. या यंत्रात रुळांच्या जोड्या असतात. पुढची जोडी मागचीपेक्षा वेगानं फिरते आणि पेळू आपोआप ताणला जातो. अंदाज रुळांत गेला, माणसाकडे राहिलं तुटलेला धागा जोडणं. ते पोरंही करत.

सुतातही फरक. जेनीचं सूत मऊ, बाण्यापुरतं, म्हणजे कापडातल्या आडव्या धाग्यापुरतं. ताण सोसणारा उभा ताणा तोवर जवसाच्या (लिननच्या) धाग्याचा असे. वॉटर फ्रेमनं तो सुताचा केला. तेव्हा कुठे हिंदुस्थानातून येई तसं निव्वळ सुती कापड तिथं विणता येऊ लागलं. बराच काळ दोन्ही यंत्रं एकमेकींना पूरकच होती.

खरी उलथापालथ वेगळीच. वॉटर फ्रेम पाण्याच्या जोरावर चालवायची, म्हणून आर्कराइटनं १७७१मध्ये डर्बीशायरमधल्या क्रॉमफर्डला गिरणी घातली. आता माणसानं यंत्राकडे जायचं. बारा-बारा तासांच्या पाळ्या, रात्रीसुद्धा. मोठ्या कुटुंबाचे विणकर त्यानं मुद्दाम बोलावले, कारण त्याला बायका-पोरांचे हात हवे होते. १७७६च्या सुमाराला त्यानं नॉर्थ स्ट्रीटवर बांधलेल्या तीनमजली घरांत वरचा मजला मागासाठी राखलेला आहे: बाप वर विणायला, पोरं गिरणीत.

१७७९मध्ये सॅम्युएल क्रॉम्प्टननं फ्रेमचे रूळ आणि जेनीची मागंपुढं होणारी हालचाल एकत्र करून म्यूल बनवलं. तेही आधी घरात चाललं, मग आकार वाढत गेला तसं गिरणीत गेलं.