गर्दीचा चॅनल १ की मोकळा दिसणारा ३?

सोसायटीत वायफायची यादी उघडली की तीस-चाळीस नावं दिसतात. चॅनल, म्हणजे राउटर ज्या लहरींच्या पट्टीत बोलतो ती, दाखवणाऱ्या ॲपमध्ये १, ६ आणि ११ वर झुंबड, तर ३ वर चिटपाखरूही नाही. साहजिकच हात ३ कडे जातो. मीही तेच केलं, आणि संध्याकाळचे व्हिडिओ कॉल आधीपेक्षा जास्त अडकायला लागले.

एकाच चॅनलवर दाटी होणं वेगळं आणि एक चॅनल दुसऱ्यावर चढणं वेगळं. ॲपमध्ये दाटी चटकन दिसते, चढणं नजरेतून निसटतं.

वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झ या बँडमध्ये शेजारच्या चॅनलांच्या मध्यांत अवघं ५ मेगाहर्ट्झ अंतर असतं. १ चा मध्य २४१२ मेगाहर्ट्झवर, ६ चा २४३७ वर. पण प्रत्येक चॅनल जागा व्यापतो निदान २० मेगाहर्ट्झ. म्हणजे ३ चा पसारा १ वरही जातो आणि ६ वरही.

वायफाय बोलण्याआधी कानोसा घेतं. चॅनल एकच असेल तर शेजाऱ्याच्या राउटरचा क्षीण सिग्नलही ओळखू येतो आणि आपला राउटर थांबतो. नळावरच्या रांगेसारखं: वेळ जातो, पण प्रत्येकाची घागर भरते. ३ वरून मात्र १ वरचं बोलणं उमगत नाही, तो नुसता गोंगाट असतो. त्यासाठी थांबायचं, तर गोंगाट ओळखू येणाऱ्या सिग्नलच्या साधारण शंभरपट जोराचा लागतो. तेवढा नसला की दोघं एकाच वेळी बोलतात, पॅकेट, म्हणजे माहितीचे तुकडे, खराब होतात, पुन्हा पाठवावी लागतात. यात शेजाऱ्याचंही नुकसान होतं, हे मला जास्त खटकतं.

१, ६ आणि ११ एकमेकांवर चढत नाहीत. म्हणून यांतलाच एक, आणि रुंदी २० मेगाहर्ट्झच.

मेशमध्ये, म्हणजे घरभर नेट पोचवायला एकापेक्षा जास्त राउटर (नोड) जोडलेले असतात तिथे, आणखी एक पेच आहे. नोड एकमेकांशी हवेतूनच जोडलेले असतील, तर त्या जोडणीचा चॅनल दोघांकडे एकच लागतो. तिथे वेगळेपणाचा आग्रह धरू नये. नोडपर्यंत केबल टाकली असेल, तर मात्र हॉलमध्ये १, आतल्या खोलीत ११ असं खुशाल वाटून द्या. नाव आणि पासवर्ड सारखेच ठेवले की फोन स्वतःच नोड बदलतो.

वायफायच्या दुसऱ्या, ५ गिगाहर्ट्झच्या बँडमध्ये ३६ ते ४८ आणि १४९ ते १६१ हे गट वापरायला सोपे. ५२ ते ६४ वर रडारला पहिला मान असतो. राउटरला आधी मिनिटभर ऐकावं लागतं, आणि रडार आढळलं की चॅनल सोडावा लागतो. नोडांची जोडणीच तिथे असेल, तर पलीकडच्या खोलीचं नेट तेवढा वेळ तुटू शकतं.