रुग्णवृत्त : मृत बालकाच्या पालकांची संमती

एका रुग्णाचा आजार, तपासण्या, उपचार व परिणाम यांची वैद्यकीय नियतकालिकात छापलेली हकीकत म्हणजे रुग्णवृत्त. डॉक्टरांच्या बोलण्यात ‘केस रिपोर्ट’. बालक दगावल्यावर आईवडिलांची संमती कोणत्या नात्याने घ्यायची, एवढाच येथे विचार आहे.

मृत्यूनंतरही गुप्तता पाळण्याचे बंधन सामान्यतः हिपॉक्रॅटिसच्या शपथेपर्यंत मागे नेले जाते. त्या शपथेत मृत रुग्णाचा उल्लेख नाही. जिनिव्हा घोषणेच्या, म्हणजे जागतिक वैद्यक संघटनेने स्वीकारलेल्या डॉक्टरांच्या आधुनिक शपथेच्या, १९४८ च्या मूळ पाठातही तो नव्हता. ‘रुग्णाच्या मृत्यूनंतरही’ हे शब्द १९६८ च्या सिडनी येथील दुरुस्तीत आले. स्पष्ट बंधन तेव्हापासून धरणे अधिक सयुक्तिक वाटते.

भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारविनियमांतील कलम ७.१७ प्रमाणे ओळख पटेल असे वृत्त वा छायाचित्र रुग्णाच्या परवानगीविना छापता येत नाही. ओळख उघड होणार नसेल तर संमती नको, असेही तेच कलम म्हणते. मृताविषयी ते गप्प आहे. त्यांच्या जागी आलेले २०२३ चे नवे विनियम त्याच वर्षी ऑगस्टमध्ये स्थगित झाले, म्हणून आधार २००२ च्याच विनियमांचा.

‘ओळख’ म्हणजे काय, येथे खरी अडचण आहे. छायाचित्रात डोळ्यांवर मारलेली काळी पट्टी वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांची आंतरराष्ट्रीय समिती अपुरी मानते. लेखकांच्या नावाखाली ‘कोल्हापूर’ छापलेले असतेच; त्यात बाळाचे वय, दुर्मीळ व्याधी आणि ‘आईवडील आते-मामे भावंडे’ ही आनुवंशिक आजारांत हमखास येणारी ओळ आली, की गगनबावड्यासारख्या विरळ वस्तीच्या तालुक्यात घर ओळखायला नाव लागत नाही.

पालकत्व मुलाबरोबरच संपते. म्हणजे नंतरची सही पालकाची नव्हे, जवळच्या नातलगाची ठरते, आणि १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्यातील ‘आधी वडील’ हा क्रम येथे गैरलागू होतो. दोघांचीही सही घेणे बरे. नवजाताच्या वृत्तात आईच्या बाळंतपणाचा तपशील येतो, तेव्हा ती स्वतःच रुग्ण असते. भरतीच्या वेळी सही केलेला कागद उपचारांपुरता धरावा.

सुतकात विचारू नये हे उघड आहे. मात्र लहानग्यांचे दिवस समाजागणिक वेगळे पाळले जातात. पालक सापडलेच नाहीत, तर कसून शोध घेतल्याची हमी संस्थाप्रमुखाने द्यावी, अशी काही नियतकालिकांची अट असते. वृत्त इंग्रजीत असल्याने मजकूर मराठीत, आणि निपाणी-चिकोडीकडच्या कुटुंबांना लागल्यास कन्नडमध्ये, समजावून मगच सही घेतली जावी. एकदा छापलेले मागे घेणे जवळजवळ अशक्य असते.